‘वाचली’ असा निरोप

वाचेल

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मावशीने भाचीला हॉस्पिटलमधून हाकलून दिलं.

मावशीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, ती बदलायची होती. वय सत्तरीपुढचं, साखर वाढलेली, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते हातचं राखून सांगितलं: वाचतील असं धरून चालू. मावशीला ते वाक्य फार आवडलं. दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती. मी पडून राहणार, आणि धरून चालणार हे.

भाची खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. एकदा चादर सारखी करून झाली होती, आता दुसऱ्यांदा करत होती.

“इथे बसून काय करणार आहेस?” मावशी म्हणाली. “तू काय डॉक्टर आहेस?” मग स्वतःच थांबली. “म्हणजे आहेस. पण उपयोगाची नाहीस.”

भाची डॉक्टर होती ती रसायनशास्त्रातली. एका संशोधन संस्थेत ती प्रथिनांचे स्फटिक वाढवायची. संस्थेत तिला स्फटिकबाई म्हणत, तोंडावरही म्हणत, कारण तिला ते आवडायचं. सुट्टीच्या दिवशी ती कथा-कादंबऱ्या लिहायची. जग आहे ते का आहे, नसतं तर कोणाचं काय बिघडलं असतं, देव नसेल तर हाक मारल्यावर जे शांत वाटतं ते कुठून येतं, असलं काय काय त्यांत असायचं. तिचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हता. तरी दर पुस्तकात तो कुठल्या ना कुठल्या दाराने आत यायचाच.

मावशी तिची पहिली वाचक. मावशीचा देवावर पूर्ण भरवसा होता आणि भाचीच्या पुस्तकांतल्या देवावर अजिबात नव्हता. ती म्हणायची, तुझ्या गोष्टीतला देव दारातच उभा राहतो आणि पाणीसुद्धा न घेता जातो, अशाने माणसं कशी जोडली जाणार त्याला. मावशीचा देव नळ दुरुस्त करणाऱ्यासारखा होता. येतो म्हणालाय म्हणजे येणार, कधी ते विचारायचं नाही. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना ती त्याच्याशी अरेतुरेत बोलायची. बरेचदा रागवायचीच.

पेशंटजवळ एकालाच थांबता येत होतं. मावसभाऊ लांबच्या नोकरीवरून निघाला होता, तो संध्याकाळी पोचणार. मावशीने सुनेला थांबवून घेतलं. सून रडत नव्हती, हे एक. दुसरं असं की भाचीचे स्फटिक आज काढायचे होते आणि ते मावशीला ठाऊक होतं.

“जा,” ती म्हणाली. “तुझे खडे विरघळतील. इथलं झालं की वहिनी फोन करेल.”

भाची गेली. मावशीने सांगितलं म्हणून गेली. अजून थोडा वेळ बसली असती तर तिसऱ्यांदा चादर सारखी केली असती, म्हणूनही गेली.

तिच्यावाचून

माय मरो आणि मावशी जगो.

म्हणी कोणी अर्थ बघून बोलत नाही, तोंडाला आली की बोलतो. भाची लहान होती, आई आतल्या खोलीत आजारी होती, आणि मावशी पोरीचे केस विंचरत होती. शेजारीण बघायला आली. पोरीचे केस कोणीतरी इतक्या मायेने विंचरतंय हे पाहून तिला भरून आलं आणि तिच्या तोंडून म्हण गेली. त्यात वाईट काही नव्हतं. ती कौतुकच करत होती.

पोरीने ती शब्दशः ऐकली. थोड्याच दिवसांत म्हणीचा पहिला भाग खरा झाला.

पुढे ती शिकली. अमुक बोलल्याने तमुक होत नाही, हे तिला पुराव्यानिशी कळलं. बोलल्याने माणसं मरत नाहीत, हे ती आज कोणालाही समजावून सांगेल. तरी त्या सकाळी बसमध्ये उभ्याउभ्या तिच्या डोक्यात आलं की पहिला भाग लागू पडला आहे, तर दुसराही पडायला हवा. जगो. हा विचार आपल्याला आला याची तिला लाज वाटली. पुढच्या स्टॉपपर्यंत ती लाजत राहिली. मग तिने ठरवलं, लाज उद्या. आज जगो.

वाचक

नव्या कादंबरीचा शेवट अडला होता.

कादंबरीत एक राखणदार आहे. गावाबाहेरच्या एका रिकाम्या घरात तो झाडलोट करतो. मालक वरच्या मजल्यावर राहतो असं लोक म्हणतात. वर जायला जिना नाही. राखणदाराचा मालकावर विश्वास नाही, झाडण्यावर आहे. शेवटी घराला आग लागते आणि तो बाहेर पडतो. कसा पडला ते त्याला सांगता येत नाही. तो रस्त्यावर उभा राहतो, आणि

इथे कात्री अडले.

कात्री म्हणजे प्रकाशनाचे संपादक. लेखकांची पानंच्या पानं कापायचे म्हणून हे नाव. स्वतःच्या बोलण्यातलंही कापायचे. फोनवर हॅलोऐवजी नुसतं ‘हं’ म्हणायचे, आणि फोन ठेवताना तेही नाही.

तिने लिहिलं होतं: त्याने आभार मानले. कात्रींनी समासात लिहिलं: कोणाचे?

ती भांडायला त्यांच्या ऑफिसात गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, खुर्चीवरचे कागद जमिनीवर ठेवले, आणि आपल्या मानाने लांबलचक बोलले.

“मराठीत नुसते आभार मानता येत नाहीत, बाई. कोणाचे तरी मानावे लागतात. नाहीतर वाक्य लंगडतं.”

ती म्हणाली, लंगडू दे, तो माणूसही त्या वेळी लंगडतच असणार. ते म्हणाले, मग त्याला काठी द्या.

तिने काठ्या देऊन पाहिल्या.

त्याने वाऱ्याचे आभार मानले. *(आग पसरवली कोणी? वाऱ्यानेच.)*

त्याने दाराचे आभार मानले. *(दार हसेल.)*

त्याने नशिबाचे आभार मानले. *(हे मालकाचंच टोपणनाव झालं.)*

त्याने स्वतःचे आभार मानले. *(मावशी वाचून म्हणाली, शी.)*

त्याने कोणाचेच आभार मानले नाहीत. *(खोटं.)*

त्याने

याच्यापुढे ती जाईना. तेवढ्यात ऑपरेशनची तारीख पडली. तिने पहिलं वाक्य होतं तसंच ठेवलं, हस्तलिखित परत पाठवून दिलं आणि कात्रींना कळवलं की पुन्हा एकदा सलग वाचा आणि काय ते सांगा.

वाचली

संस्थेतल्या थंड खोलीत मोबाइल चालत नाही. भिंती धातूच्या, दार हातभर जाड, आत बारा महिने स्वेटर. दाराजवळ भिंतीला एक इंटरकॉम आहे. त्याचं दुसरं टोक खाली प्रवेशद्वारावरच्या काकांच्या टेबलावर. काकांकडे बाहेरचा फोनही असतो. त्यामुळे बाहेरच्या कोणाला थंड खोलीतल्या माणसाला काही सांगायचं असेल तर तो काकांना फोन करतो आणि काका वर सांगतात. वहिनीला तिने काकांचा नंबर देऊन ठेवला होता. काकांनाही सकाळीच सांगितलं होतं, मावशीचं मोठं ऑपरेशन आहे, निरोप आला की लगेच कळवा. काका म्हणाले होते, काळजी करू नका, मी आज जागचा हलत नाही.

आत ती थेंब बघत बसली.

प्रथिनाचा स्फटिक वाढवायचा म्हणजे थेंबाची मनधरणी. सगळं प्रमाणात असतं, थंडीही बरोबर असते, तरी थेंब ढिम्म. आठवडेच्या आठवडे जातात. मग एक जुनी युक्ती करतात. मांजरीची मिशी घ्यायची, आधीच्या एखाद्या स्फटिकावरून अलगद फिरवायची आणि तीच नव्या थेंबातून ओढायची. मिशीला डोळ्यांना न दिसणारे कण चिकटलेले असतात. काही दिवसांनी त्या रेषेवर स्फटिक उगवतात, पेरल्यासारखे ओळीने. मिश्या मावशीच्या मांजरीच्या. गळून पडलेल्या मावशी काडेपेटीत जमवायची आणि, घे तुझं विज्ञान, म्हणून भाचीच्या हातावर ठेवायची.

या खेपेला स्फटिक सुरेख आले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघत, बारीक दोऱ्याच्या फासात एकेक पकडायचा आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. थेंब एकदा उघडला की थांबता येत नाही, तो सुकतो. हात हलता कामा नये. तिचा हात सकाळपासून हलत होता. एक स्फटिक फासातून निसटून कुठे गेला ते दिसलंही नाही.

नवा थेंब नुकताच उघडला होता आणि इंटरकॉम वाजला. बटण दाबलं तर काकांचा आवाज, खरखरत.

“बाई, निरोप आलाय. वाचली.”

बटणावरचं बोट तिने तसंच ठेवलं. काकांना वाटलं ऐकू गेलं नाही.

“वाचली म्हणून सांगितलंय. आता निवांत काम करा हं.”

ती उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली.

आधी हुश्श झालं. मग तोंडातून शब्द निघाला तो असा: “थँक्यू.”

महिनाभर आभारांवर भांडलेली बाई. एकटी असताना म्हणाली काय, तर थँक्यू, जे आपण दुकानात सुटे परत घेताना म्हणतो. नंतर तिच्या लक्षात आलं की आभारांना ‘कोणाचे’ लागतं आणि थँक्यूला ते वेगळं लागत नाही. त्यातला ‘यू’ आधीच आत येऊन बसलेला असतो. समोर सूक्ष्मदर्शक होता, थेंबांच्या थाळ्या होत्या, वर पंखा गुरगुरत होता. यांतल्या कोणाला ती थँक्यू म्हणाली नव्हती. कोणालाच म्हणाली नव्हती, असंही नव्हतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि वाक्य लंगडत नव्हतं.

तिने उघडा थेंब पूर्ण केला. हात दगडासारखा स्थिर. त्या थेंबातला एकही स्फटिक वाया गेला नाही.

वाचली?

ती बाहेर आली तर मजल्यावर सगळ्यांना कळलेलं.

काकांनी कोणाला तरी सांगितलं होतं आणि त्या कोणीतरी सगळ्यांना. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एकीने तिला मिठी मारली. टेबलावर बिस्किटांचा पुडा फुटला होता. एक जण म्हणाला, देवाची कृपा. एरवी तिने त्याला दोन प्रश्न विचारले असते. आज म्हणाली, हो ना. एक बिस्कीट तोंडात, दुसरं हातात, असा तिने वहिनीला फोन लावला आणि म्हणाली, वाचली ना गं.

“कोण वाचली?” वहिनी म्हणाली.

भाचीने तोंडातलं बिस्कीट गिळलं, म्हणाली, मावशी.

“ताई, आई अजून आतच आहेत. मला कोणी काहीच सांगितलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?”

भाची म्हणाली, कोणी नाही, इथे काहीतरी घोटाळा झाला. वहिनी सकाळपासून रडली नव्हती, ती आता रडायला लागली. डॉक्टरांनी मला न सांगता तुम्हाला का सांगितलं, म्हणजे काहीतरी लपवतायत, असं म्हणत रडली. तिला समजावता समजावता भाचीच्या हातातलं बिस्कीट मऊ पडलं.

मिठी मारणारीला तिने काही सांगितलं नाही. कोणालाच नाही. अख्खा मजला आनंदात होता, आणि तो आनंद परत कसा मागायचा हे तिला माहीत नव्हतं. ती जिन्याने खाली काकांकडे गेली.

काका हसून उठले, तिचा चेहरा बघून तसेच उभे राहिले. त्यांनी काय झालं ते नीट सांगितलं. पुरुषाचा आवाज होता. बाईंचा मोबाइल लागत नाही म्हणाले, आहेत का, विचारलं. आत आहेत म्हटल्यावर म्हणाले, त्यांना सांगा, वाचली. मी म्हटलं, कोण वाचली? तर म्हणाले, त्यांना कळेल. आणि फोन ठेवला. मला वाटलं, डॉक्टर. डॉक्टर असेच तुटक बोलतात.

फोनच्या पट्टीवर शेवटचा नंबर होता. तिने तो फिरवला.

“हं,” पलीकडून आवाज आला.

एवढ्यावरच तिला सगळं कळलं.

आणि तेव्हा तिने एक गोष्ट केली. ती मनात शिरून बघून आली की मघाचं थँक्यू अजून आहे की गेलं. कारण नाहीसं झालं की परिणामही नाहीसा व्हायला हवा. आयुष्यभर ती हेच करत आली होती, एक गोष्ट काढून घ्यायची आणि काय उरतं ते बघायचं. निरोप खोटा होता. मावशी अजून आत होती, छाती उघडी, जगण्याचं काही ठरलेलं नव्हतं. थँक्यू मात्र तिथेच होतं, जराही कमी न होता. त्याला कोणी कळवलंच नव्हतं जणू.

याचंच तिला भय वाटलं. पान वाढून झालं होतं, आणि जेवणारी यायची होती की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

वाचत

“तुम्ही मघाशी फोन केला होता?”

“हं. वाचली.”

“काय वाचली?”

“कादंबरी. आणखी काय?”

तिने त्यांना एका वाक्यात सांगितलं. त्यांच्याशी बोलून बोलून तिलाही ती सवय लागली होती.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ज्या माणसाने आयुष्यात कधी जोडशब्द खर्चला नव्हता तो भडाभडा बोलायला लागला. अहो मला माहीत नव्हतं हो बाई. कधी नेलं आत? कुठली झडप? माझ्या मेव्हण्याची बदललीय, तो आता टेकड्या चढतो, अगदी रोज नाही पण चढतो. माझंच चुकलं. आयुष्य गेलं माणसांना सांगण्यात, की क्रियापदाला कर्म द्या, आणि मीच.

“एक शब्द वाचवला मी,” ते म्हणाले. “नुसतं ‘कादंबरी’ म्हणायला काय जात होतं माझं? एक शब्द वाचवला, आणि बघा काय करून बसलो.”

ती म्हणाली, असू द्या. त्यांनी विचारलं, तुमच्याजवळ कोण आहे. ती म्हणाली, दारावरचे काका आहेत.

“मी फोन ठेवत नाही,” कात्री म्हणाले.

आणि त्यांनी ठेवला नाही. पण बोलायचं काय? मेव्हण्याचं सांगून झालं होतं. भाचीच्या डाव्या कानाला काकांचा फोन, उजव्या मुठीत मोबाइल, वहिनीचा आला तर कळावं म्हणून. थोड्या वेळाने डाव्या कानात घसा खाकरल्याचा आवाज आला, पान उलटलं, आणि कात्रींनी जे येत होतं ते करायला घेतलं.

छापण्याआधी मजकूर तपासायची एक जुनी रीत आहे. एकाने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने समोरच्या प्रतीत बोट ठेवत जायचं. कात्री तसं वाचू लागले.

“राखणदार उठला स्वल्पविराम झाडू घेतला स्वल्पविराम आणि ज्या खोलीत काल कोणी आलं नव्हतं ती त्याने पुन्हा झाडली पूर्णविराम नवा परिच्छेद”

काकांनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभे राहिले. माणसं आत गेली, बाहेर आली. कोणी विचारलं, आता कशी आहे मावशी, तर काकांनीच हाताने पुढे जा अशी खूण केली. डाव्या कानात राखणदार पाणी भरत होता, कड्यांना तेल घालत होता, वरच्या मजल्याकडे तोंड करून शिंकत होता आणि माफी मागावी की नाही याचा विचार करत होता प्रश्नचिन्ह. ही वाक्यं आपण लिहिली आहेत हे तिला आठवत होतं, पण त्यांचं काही करावंसं वाटत नव्हतं. कोणीतरी एक शब्द म्हणत होतं आणि त्यानंतर दुसरा, तेवढं पुरत होतं.

एकदा ती पाणी प्यायला उठली तेव्हा काकांनी फोन कानाला धरला. ती परत आली तरी देईनात.

“हे कोण, मघापासून स्वल्पविराम स्वल्पविराम करतायत?” त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

“माझे संपादक.”

“बरं वाचतात,” काका म्हणाले, आणि परिच्छेद संपल्यावर फोन परत दिला.

मोबाइल वाजला तेव्हा कात्री आगीपर्यंत पोचलेही नव्हते. राखणदार भिंतीसाठी चुना कालवत होता.

“बाहेर आणलं,” वहिनी म्हणाली. तिचा श्वास पुरत नव्हता. “झडप छान बसली म्हणाले. डॉक्टर घाम पुसत होते ताई, पण हसत होते.”

“वाचली?”

“हो हो. वाचल्या.”

तिने वाट पाहिली. आतून आता काय निघतं ते तिला ऐकायचं होतं. काहीच निघालं नाही. जे निघायचं ते मघाशीच निघालं होतं, आणि त्याला पुन्हा निघायची गरज वाटत नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं तेवढंच.

“चुना पातळ झाला पूर्णविराम,” डावा कान म्हणाला.

“कात्री,” ती म्हणाली. हे नाव तोंडावर तिने पहिल्यांदाच घेतलं. “वाचली.”

पलीकडे वाचन थांबलं. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“हं,” ते म्हणाले.

वाचा

घशातली नळी काढल्यावर मावशीची वाचा बसली होती. बोलायची ती हवेत, अर्धे शब्द ओठांनीच. नर्सने भाचीला थोडा वेळ दिला आणि बजावलं की फार बोलू देऊ नका, हसवू तर मुळीच नका. मावशीच्या पोटावर एक उशी होती. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची, म्हणजे टाके ओढत नाहीत.

हसवायचं नाही असं ठरवून भाचीने तिला निरोपाची हकीकत सांगितली. ‘त्यांना कळेल’पर्यंत मावशीने दम धरला. पुढे उशी छातीशी धरली आणि डोळे मिटून, आवाज न करता, अंगभर हसली. दुखत होतं, तरी हसली.

“म्हणजे मी आत पडलेली,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आणि तू आभार मानून मोकळी.”

“हो.”

“आगाऊ.” मावशीने श्वास घेतला. “लहानपणापासून आगाऊच तू.”

भाचीने तिला बाकीचंही सांगितलं. निरोप खोटा निघाला तरी ते गेलं नाही, हे सांगितलं. कोणाचे मानले ते कळत नाही, हेही. एरवी अशा प्रश्नावर मावशी लगेच बोलायची, उत्तर तिच्या कमरेला खोचलेलंच असायचं. आज तिने आधी पोटावरची उशी नीट ठेवली. तिने मान वळवून दाराकडे बघितलं. सून बाहेर औषधं विकत घेत होती.

“तुला एक सांगते,” ती म्हणाली. “सुनेला सांगू नकोस. मुलाला तर नकोच.”

भाची वाकली.

“आत नेलं तेव्हा वर मोठे दिवे होते. म्हणाले, आजी, आता झोप लागेल. मी ठरवून गेले होते, त्याला हाक मारायची. इतकी वर्षं ऊठसूट मारते, मग तेव्हा तर मारायलाच हवी. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल?”

“काय?”

“गॅस बंद केला का.”

“होता बंद.”

“हो का? बरं झालं.” तिने ओठांवरून जीभ फिरवली. “तेवढ्यात झोप लागली. जाग आली तर घशात नळी. आता बोलता येतंय, तर जीभ वळत नाही. आधी हाक मारली नाही, आणि आता काम झाल्यावर कुठल्या तोंडाने बोलू त्याच्याशी? त्याला काय वाटेल?”

ती थट्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत लहान मुलासारखी भीती होती, आणि भाचीने ती त्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. ऑपरेशनच्या सकाळीही नाही. मावशीच्या देवाविरुद्ध भाचीकडे आयुष्यभर जमवलेले मुद्दे होते, चांगले, धार लावून ठेवलेले. त्यांतला एकही आठवेना. मावशीचा आणि त्याचा अबोला होऊ नये, एवढंच तिला वाटलं.

“त्याला चालेल,” ती म्हणाली.

“तुला काय माहीत? तुझा तर विश्वास नाही.”

“नाही. पण मी त्याच्याबद्दल इतकी पानं लिहिलीत. एवढ्यातेवढ्याला रुसणारा नाही तो.”

मावशीने तिच्याकडे बारकाईने बघितलं, हस्तलिखित बघायची तसं, चूक शोधत. सापडली नाही, किंवा सापडली आणि तिने राहू दिली.

“तू मानलेस ना पण? नक्की?”

“मानले. मनापासून.”

“मग त्यातच माझेही धर,” मावशी म्हणाली.

“धरले.”

“सगळे.”

“सगळे.”

मावशीच्या खांद्यातला ताण उतरला. नर्स आत आली, पुरे झालं म्हणाली, आणि मावशीला म्हणाली की आता जोराने खोकायचं, छाती मोकळी व्हायला हवी. भाचीने उशी दोन्ही हातांनी मावशीच्या छातीवर धरली. तळव्यांना उशीतून ठोके लागत होते. मावशी खोकली. दुखलं तिला. नर्स म्हणाली, अजून एकदा. मावशीने भाचीचं मनगट पकडलं, श्वास भरून घेतला, आणि पुन्हा खोकली.